यल्लाप्पाचा भोपळा

भोपळा सुभाष रोडवर मिळतो. फोड मागितली तर फोड मिळते, अख्खा मागितला तर अख्खा, आणि विकणारी बाई खूश असली तर वर कोथिंबिरीच्या चार काड्याही टाकते. हे सगळं मला माहीत होतं. तरीसुद्धा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास, दसऱ्याच्या आदल्या रविवारी, मी घरातल्या तीन माणसांना अंथरुणातून उठवलं, पॅसेंजरने अळणावरला नेलं, तिथून बैलगाडीत घातलं आणि भोपळा आणायला घेऊन गेले.

कारण शैक्षणिक होतं. मी धारवाडच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवत होते. आमची मंजू त्याच शाळेत दुसरीत होती. तिने चित्रकलेच्या तासाला एक डेरेदार झाड काढलं आणि त्याला फांदीफांदीवर नारिंगी भोपळे लटकवले. खाली एक माणूस झोपवला. त्याच्या बरोबर डोक्यावर सगळ्यात मोठा भोपळा. तिच्या वर्गबाईंनी ते चित्र स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवलं आणि मला अगदी प्रेमाने विचारलं, "तुमच्या घरी विज्ञान कोण शिकवतं हो?"

त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की आपण सगळे भोपळ्याच्या शेतात जायचं. वेल बघायचा, फूल बघायचं, आणि भोपळा स्वतःच्या हाताने तोडून आणायचा.

आमचे हे सरकारी नोकरीत. कुठल्याही प्रस्तावावर पहिल्यांदा हरकत घ्यायची, ही ऑफिसची सवय ते घरीही पाळत. म्हणाले, मुलीला एक वेल काढून दाखव, फळ्यावर काढतेसच की. माझे सासरे, अप्पा, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसत एवढंच विचारलं, की या सहलीत भोपळ्याखेरीज दुसरं काही खायला मिळणार आहे का. मी म्हटलं, ज्वारीची भाकरी, झुणका आणि शेंगांची चटणी. अप्पांनी प्रस्ताव मंजूर केला.

शेत होतं गंगव्वाचं. गंगव्वा दर मंगळवारी अळणावरकडच्या तिच्या खेड्यातून भाजीची बुट्टी घेऊन आमच्या गल्लीत यायची. दहा वर्षांची ओळख. मी भोपळ्याचं शेत दाखवशील का म्हणून विचारलं, तेव्हा ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. "या की ओ बाई," म्हणाली, "पण भोपळ्यात बघायचं काय हाय?" शहरातली शिकलेली बाई एवढ्या लांब येऊन भोपळा बघणार, यात काहीतरी आजारपण आहे असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं. नंतरचं बघता, ते अगदीच चूक नव्हतं.

स्टेशनवर तिचा नवरा परशराम गाडी घेऊन आला होता. मंजू बैलांवर इतकी खूश झाली की भोपळ्याचं नाव विसरली. अप्पा गवताच्या पेंढीवर मामलेदारासारखे बसले. यांच्या गळ्यात कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा नवा रोल घातलेला, आणि तो उडू नये म्हणून ते वाटभर त्याला तान्ह्या बाळासारखं धरून होते. हवा अशी स्वच्छ होती, भाताची शेतं अशी हिरवीगार होती, की मला वाटलं, बघा, मी म्हणतच होते.

शेतावर पोचल्यावर गंगव्वाने चहा दिला आणि ती घाईघाईने चुलीकडे वळली. तिची लेक सुरेखा आणि जावई दसऱ्यासाठी त्याच दिवशी दुपारी यायचे होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. परशराम बैलांना पाणी दाखवायला गेला. जाताना म्हणाला, भोपळे पलीकडच्या तुकड्यात आहेत, बाईंनी पाहिजे तो घ्यावा. विळा बांधावर आहे.

"पाहिजे तो" हे शब्द मी नीट लक्षात ठेवले होते. पुढे त्यांचाच आधार होता.

वेल जमिनीवर पसरला होता. मी मंजूला फूल दाखवलं, पान दाखवलं, देठावरची लव दाखवली. झाडावर का लागत नाही तेही सांगितलं. मंजूने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तो माणूस झोपणार कुठे?" मी विषय बदलला आणि भोपळा निवडायला लागले. भोपळे बरेच होते, पण एका कडेला पानांच्या खाली एक असा बसला होता की बाकीचे त्याची नातवंडं वाटावीत. तांबूस, चरे पडलेला, खाली कुणीतरी मायेने गवत पसरलेलं. (ते गवत कुणी आणि का पसरलं असेल, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षिकेला पडायला हवा होता. पडला नाही.)

हे म्हणाले, लहान घे, न्यायचा आहे. अप्पा म्हणाले, पहिला घाव बाईमाणसाने घालू नये, वसंताला, म्हणजे ह्यांना, कापू दे. दोघांचंही न ऐकणं हा माझ्या दृष्टीने एकाच वेळी स्त्री-समानतेचा आणि विज्ञानाचा प्रश्न होता. मी पदर खोचला, विळा घेतला आणि एका घावात देठ तोडला. एका घावात! मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मग तो भोपळा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, फोटो काढा."

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबेनात.

"अगं," ते म्हणाले, "त्याच्यावर काहीतरी लिहिलंय."

"चरे आहेत ते. तुम्ही काढा."

"चरे नाहीत. कानडी अक्षरं आहेत." आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, "य... ल्ला... प्पा."

मी भोपळा फिरवून बघितला. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर जाडीची, खपली धरलेली अक्षरं होती. यल्लाप्पा.

मी गंगव्वाला हाक मारली. पिठाचे हात घेऊनच ती आली, आणि माझ्या मिठीतला भोपळा बघून तिथेच बांधावर बसली.

यल्लाप्पा म्हणजे तिचा जावई. पंचमीला बायकोला न्यायला आला होता, तेव्हा हा भोपळा नारळाएवढा होता. त्याने खिळ्याने त्याच्यावर नाव कोरलं आणि सांगितलं, आता हा माझा, दसऱ्याला येऊन मीच तोडणार. भोपळा वाढला, तसं नावही वाढलं. गंगव्वाने त्याला गवत घातलं, उन्हात पान आडवं केलं, गावातल्या पोरांपासून राखला. आणि जावई तर भारी रुसका. लग्नात पंगतीत त्याला मोडका पापड वाढला गेला, तर ताटावरून उठला आणि तीन तास जीपमध्ये जाऊन बसला. वाढपी, मामा, पाटील, सगळे समजूत काढायला गेले. काच खाली केली नाही.

"एका पापडाला तीन तास," गंगव्वा म्हणाली. "आता ह्येला किती, तुमीच हिशेब करा."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी त्यांची माफी मागते. गंगव्वा म्हणाली, तुमी जाशिला रेल्वेनं, राहायचं आमाला हाय. परशराम आला, त्याने डोक्यावरची टोपी काढली, भोपळ्याकडे बघितलं, परत घातली. आणि अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही, हा माझा जुना दोष आहे.

मी म्हटलं, "आपण कलम बांधू."

सातवीच्या पुस्तकात कलमावर धडा होता. तो मी सहा वर्षं शिकवत होते, आकृतीसकट. प्रत्यक्षात गुलाबाचं कलमही कधी केलं नव्हतं. पण जावई येऊन बघेल तेवढा वेळ भोपळा वेलाला लागलेला दिसला, म्हणजे झालं. मग तो स्वतः तोडेल, आणि प्रश्न मिटेल. परशरामला हे पटलं. त्याने बाभळीचा एक लांब काटा आणला. मी भोपळा होता तसा गवतावर बसवला, काटा अर्धा वेलात आणि अर्धा देठात खुपसून दोन्ही टोकं जुळवली आणि वर एक मोठं पान ओढून घेतलं. लांबून बघितलं. इतकं बेमालूम जमलं होतं की क्षणभर मला वाटलं, मी उगाच शिक्षिका झाले.

आता प्रश्न साक्षीदारांचा होता. मंजूला ऊस दिला आणि तो संपेपर्यंत बोलायचं नाही असं बजावलं. ह्यांनी कॅमेरा पिशवीत टाकला. राहिले अप्पा. चाळीस वर्षं कोर्टात शपथा ऐकलेला माणूस, खोटं बोलणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं. मग स्वतःच तोड काढली. वेलाकडे पाठ करून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आता जे होईल ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही."

बाराच्या सुमारास यल्लाप्पा सायकलवरून आला, मागे सुरेखा. सहा फूट उंच, झुपकेदार मिशा, इस्त्रीचा शर्ट. सायकल लावता लावता त्याने विचारलं, "माझा भोपळा कसा हाय?"

परशराम म्हणाला, आधी पाय धुवा. गंगव्वा म्हणाली, आधी चहा घ्या. चहा झाल्यावर म्हणाली, आता जेवूनच घ्या, भाकरी गार होते. जेवताना त्याच्या ताटात पापड वाढायची पाळी आली, तेव्हा गंगव्वाने टोपलीतले सगळे पापड उन्हाकडे धरून एकेक तपासला. यल्लाप्पाने वाढलेला पापड खाल्लाच नाही, ताटाच्या कडेला ठेवला. गंगव्वा वाढता वाढता थांबली. मी झुणका वाखाणला. आमच्या ह्यांनी भाकरी वाखाणली. अप्पांनी मात्र शांतपणे तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्यांचं मन स्वच्छ होतं.

हात धुतल्यावर तो उठला आणि शेताकडे निघाला. आता त्याच्याबरोबर कुणीतरी जायला हवं होतं. परशरामला एकाएकी बैल आठवले. गंगव्वाला भांडी. सुरेखाला आईशी बोलायचं होतं. आमचे हे पिशवीत काहीतरी शोधायला लागले आणि ते सापडू नये अशा बेताने शोधत राहिले. मी एकटीच उरले. ते न्यायाचंच होतं म्हणा.

यल्लाप्पा भोपळ्याजवळ उकिडवा बसला. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याने हात फिरवला. नावावर बोट फिरवलं. त्या आडदांड माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग तोडण्यापूर्वी नाव जरा वरच्या बाजूला यावं म्हणून त्याने भोपळा हळूच, अगदी हळूच वळवला.

टक् असा आवाज झाला. काटा सुटला. भोपळा एकीकडे, वेल एकीकडे.

माझं विज्ञान तिथे संपलं. मी डोळे मिटले आणि ओरडा ऐकायची तयारी केली. ओरडा आला नाही. डोळे उघडले तर यल्लाप्पा पांढराफटक पडला होता.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुटला."

मी तोंड उघडलं. त्याने मला बोलूच दिलं नाही.

"कुणाला सांगू नगा ओ. मामीनी दोन महिने राखलाय ह्यो. त्यांना, सुरेखाला, सगळ्यांना विळ्यानं कापून दाखवणार होतो. आन मी हातात धरला आन मोडला. म्हणतील, जावई म्हणजे नुसता रेडा हाय."

मी म्हटलं, तसं कुणी म्हणणार नाही, उलट...

"तुमाला ठावं न्हाई. लग्नातलं पापडाचं अजून म्हणत्यात. मी काय रुसलो न्हवतो ओ बाई. दाढ ठणकत होती. पापड बघूनच कळ आली, म्हणून उठलो. जीपमदी तोंड धरून बसलो होतो. एवढी माणसं काचेपाशी आली, पण तोंड उघडता येईना तर सांगू काय? आता इतक्या दिवसांनी सांगितलं तर कोण खरं मानणार?"

इथे माझी गोष्ट थांबवून प्रामाणिकपणे सांगते. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. "यल्लाप्पा, भोपळा मी तोडला." चार शब्द, सातवीतल्या मुलालाही लिहिता येतील असे. ते माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण त्याने मान खाली घालून भोपळा उचलला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच न्या," म्हणाला. "मी सांगतो, धारवाडच्या बाईंना आवडला, म्हणून मी दिला." आणि मी, दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांना सत्याचं महत्त्व सांगणारी मी, तो घेतला.

आम्ही परत आलो. यल्लाप्पाने सगळ्यांसमोर उभं राहून जाहीर केलं की पाहुण्या आल्यात, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, माझा भोपळा मी त्यांना दिला. परशरामचं तोंड उघडं राहिलं. गंगव्वाने पदर डोळ्यांना लावला. जावयाचं मन एवढं मोठं आहे हे तिला आज कळत होतं. सुरेखा नवऱ्याकडे अशी बघत होती, की लग्नातसुद्धा तिने बघितलं नसेल. अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदाच बघितलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खूप आरोपी बघितले असणार. त्या नजरेत मला ते सगळे दिसले.

परतीच्या गाडीत भोपळा माझ्या मांडीवर होता, कारण तो दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नाव वाचलं आणि आदराने ह्यांना विचारलं, "यल्लाप्पा निम्म हेसरा री?" तुमचं नाव का, म्हणून. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि "हौद्री" म्हणून होकार दिला. धारवाड येईपर्यंत ते गृहस्थ ह्यांच्याशी यल्लाप्पा म्हणूनच बोलले, आणि ह्यांनीही दर वेळी ओ दिली. घरातल्या दोन माणसांनी एका दिवसात खोटं बोललेलं अप्पांनी तेव्हा मोजलं असावं.

ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. भोपळा स्वयंपाकघरात पाटावर बसून होता. दार उघडलं की नाव समोर. मंगळवारी गंगव्वाची हाक आली, तशी तिने बुट्टी खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. काटा, टक्, दाढ, माझं गप्प बसणं. एका दमात. सांगताना रडूही आलं.

गंगव्वाने शांतपणे ऐकलं. मग पायरीवर बसून इतकी हसायला लागली की बुट्टीतली गवार सांडली. शेजारच्या दोघी बाहेर आल्या. तिला सगळं माहीत होतं! यल्लाप्पाला त्या रात्री झोपच लागली नव्हती. पहाटे त्याने बायकोला सांगितलं, की भोपळा मी मोडला आणि दानशूर झालो. सुरेखाने आईला सांगितलं. मग गंगव्वाला राहवलं नाही. तिने जावयापुढे बाभळीचा काटा आणून ठेवला आणि खरं काय ते सांगितलं. जावई आधी काट्याकडे बघत राहिला. मग हसत सुटला. हसता हसता पापडाचंही सांगून टाकलं. लग्नापासूनची रुसव्याची गोष्ट एका सकाळी मिटली. परशराम त्याच दिवशी त्याला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेला, कारण ती दाढ अजून तशीच होती.

"बरं झालं बाई, तुमी कापला त्यो," गंगव्वा डोळे पुसत म्हणाली. "न्हाईतर कळलंच नसतं."

त्या दिवशी ह्यांनी भोपळा कापला. मी घारगे केले, गूळ जरा जास्तच घातला, आणि डबा भरून गंगव्वाबरोबर पाठवला. पुढच्या मंगळवारी डबा रिकामा परत आला, निरोपासह. घारगे मऊ होते, दाढ काढलेल्या माणसालाही खाता आले.

तर, भोपळ्याच्या शेतात घरच्यांना घेऊन जावं का? मी म्हणेन, जरूर जावं. पुढच्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकबाईंनी मला हेच विचारलं, तेव्हा मी इतक्या उत्साहाने बोलले की त्यांनी तिसरी-चौथीची सहलच ठरवली आणि मला प्रमुख केलं. गंगव्वाला विचारायला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. चाळीस मुलं येतील, चालेल का, म्हणाल्या. नासधूस तर होणार नाही?

गंगव्वा म्हणाली, पोरं कितीबी आणा. "फकस्त ह्या बाईंना बांधावर बसवा."